सिमचा डबा घरी ठेवायचा का?

‘32 सिमचा डबा घरी ठेवा, वीज-इंटरनेट द्या, महिन्याला भाडं घ्या’ अशी ऑफर आली तर सरळ नाही म्हणा. हा डबा म्हणजे जीएसएम गेटवे. इंटरनेटवरून आलेला कॉल तो सिममधून बाहेर काढतो. त्यामुळे परदेशातला कॉल साध्या भारतीय नंबरचा दिसतो, आणि फसवणूक करणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं! पोलीस माग काढत येतात ते सिम जिथं चालू आहेत तिथं, म्हणजे तुमच्या दारात. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा दिली तर 2023 च्या दूरसंचार कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. भाडं किती मिळणार होतं?

ऑफिसला जास्त लाइन हव्यात? परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक घ्या, केवायसी करून, व्यवसायाच्याच नावावर. आणि तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते ‘संचार साथी’वर आजच बघा.