साथकाळातील सूचनांची भाषा आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती

प्रस्तावना

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ‘संचारबंदी’, ‘विलगीकरण’, ‘सामाजिक अंतर’ हे शब्द घरोघरी पोहोचले. परंतु ते सर्वांना समजले काय? या घटकात आपण बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

विषय-विवेचन

अमूर्त कल्पना समजण्यासाठी आणि बदललेला दिनक्रम स्वीकारण्यासाठी या व्यक्तींना अधिक वेळ व आधार लागतो. त्यामुळे सर्वांना सारखा असलेला नियम सर्वांवर सारखा परिणाम करीत नाही.

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांचे उदाहरण घ्या. सह्याद्रीचे डोंगर आणि भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांचे जलाशय यांमुळे तेथील अनेक वाड्या विखुरलेल्या आहेत. अशा वाडीतील एक तरुण रोज सकाळी डेअरीवर दूध पोहोचवतो, अशी कल्पना करा. ‘बाहेर जाऊ नकोस’ ही आज्ञा कारण न कळल्यास त्याला शिक्षाच वाटेल. त्याच्या खुणा जाणणारी आई विलगीकरणात गेली, तर त्याचा आधारच तुटेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने संवादाच्या साधनांत सोप्या भाषेचा समावेश केला आहे. आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण मिळावे, जिल्हा प्राधिकरणाने त्यांची नोंद ठेवावी, असे कलम ८ सांगते. २६ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी काळजीवाहकांना निर्बंधांतून सवलत देण्यास सांगितले. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती लसीकरणास पात्र ठरल्या. त्याहून लहान प्रौढांसाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुले झाले. घरी जाऊन लस देण्याची सूचना सप्टेंबर २०२१ मध्ये आली. तरतूद आणि वाडी यांमधील अंतर कमी करण्याचे एक साधन म्हणजे भाषा होय.

पुढील दोन सूचनांची तुलना करा :

(अ) ‘रुग्णाच्या निकट सहवासितांनी चौदा दिवस गृह विलगीकरणात राहावे.’

(आ) ‘आईला आजार झाला आहे. तो तुलाही होऊ शकतो. म्हणून तू घरी राहा. रोज भिंतीवर एक रेघ मार. चौदा रेघा झाल्या की डेअरीवर जा. तोवर काकू जेवण देईल.’

दुसऱ्या सूचनेत कारण, कृती, मुदत व सोबतीचे माणूस स्पष्ट आहे. सोपी भाषा म्हणजे बालिश भाषा नव्हे. ऐकणारा प्रौढ आहे, हे भान तिने राखावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. सारख्या नियमाचे परिणाम असमान का होतात, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या ग्रामपंचायतीची एखादी आरोग्यविषयक सूचना पाच सोप्या वाक्यांत लिहा व ती संबंधित व्यक्तीला वाचून दाखवून तिला काय समजले, ते नोंदवा.