सोमवारची कसोटी

पोरी, परवा तू फोनवर वर्षभराचा बेत धडाधड वाचून दाखवलास. सप्टेंबरात सातारची हिल मॅरेथॉन, नोव्हेंबरपासून सायकलच्या दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या, ठरल्या वेळेत संपवायच्या बीआरएम, फेब्रुवारीत कोयनेच्या पाण्यात कयाक आणि मे महिन्यात उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. तुझ्या बापाने ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. मी एवढंच विचारलं, "आणि सोमवारी काय करणार?" तू हसलीस. तुला वाटलं, आत्या थट्टा करते. थट्टा नव्हती ती. म्हणून आता लिहूनच देते.

तू हौशी आहेस. हौशी खेळाडूला प्रशिक्षक नसतो, मालीशवाला नसतो, आणि रविवारनंतर सोमवार असतो. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. सोमवारचा पहिला तास कायम माझ्या वाट्याला. एकदा राजगड ते तोरणा करून वेल्ह्याला उतरले. नखं कापायची राहिली होती आणि बूट नवे होते. उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहिला. सोमवारी पायात स्लीपर, अंगठ्याला पट्टी आणि फळ्यापुढच्या चौथऱ्यावर चढताना डोळ्यांत पाणी. सातवी ब मधल्या एका पोराने भर वर्गात विचारलं, "बाई, नख गडावरच राहिलं का?" त्या दिवसापासून माझी कसोटी एकच. रविवारी किती पळालीस, किती चढलीस ते मला सांगू नकोस. सोमवारी जिना कठडा न धरता उतरलीस का, तेवढं सांग.

पावसाळा : पाय

नखं मॅरेथॉनच्या दोन दिवस आधी काप आणि सरळ काप, कोपरे खोल कोरू नकोस. बूट संध्याकाळी विकत घे, कारण दिवसभरात पाय फुगतात. उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. उतार लागण्याआधी थांबून घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळ. त्या दोन मिनिटांत नखं वाचतात.

यवतेश्वरचा घाट चढताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की चालायला लाग. चढावर चालण्यात लाज नाही. चालणारी बाई वर पोचून पळते, पळणारी वर पोचून बसते.

खरा घात उतार करतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. म्हणून दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. रविवारचा उतार सोमवारी-मंगळवारी वसुलीला येतो, असं समज. यावर औषध एकच, थोडा थोडा उतार आधीपासून अंगी लावायचा. आठवड्यातून एकदा अजिंक्यताऱ्यावरून हळू पळत उतर. पहिल्या खेपेला दुखेल, तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्नायू शहाणा झालेला असतो. पावलं आखूड टाक. नजर बुटाच्या टोकावर नको, तीन-चार पावलं पुढे हवी.

पावसात काळ्या गुळगुळीत कातळावर बुटाचा भरवसा धरू नकोस, मग तो कितीही महागाचा असो. कडेच्या गवताच्या मुळावर पाय टाक. कासच्या सड्यावर मात्र वाट सोडायची नाही, तिथलं गवत म्हणजे फुलांचं घर आहे.

धुक्यात ढोरवाटेने फसू नकोस. माणसाची वाट कुठेतरी पोचते, गुराची वाट चरायला जाते. गुरं फांद्यांखालून वाकून जातात, म्हणून ढोरवाटेवर झुडपं आपल्या छातीला लागतात. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याचे घाव दिसतात. घाव दिसेनासे झाले की शेवटचा घाव होता तिथवर मागे फिर. आणि दगडाच्या फटीत न बघता हात घालू नकोस, तिथे फुरसं बसलेलं असतं. चावलंच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही आणि थेट सापाच्या विषावरची लस असलेला दवाखाना गाठायचा.

ऑक्टोबर : पडीक

मॅरेथॉन झाली की तीन आठवडे बेतात काही भरू नकोस. चाल, पोह, झोप. जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आळशी म्हणत नाहीत.

हिवाळा : चाक

बीआरएमचा बाऊ करू नकोस, आधी गणित कर. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला वीस तास. म्हणजे सरासरी ताशी जेमतेम पंधरा. तू वीसच्या वेगाने चालवलीस तर दहा तासांत दोनशे होतात आणि हातात साडेतीन तास उरतात. पण घड्याळ चहाच्या टपरीवरही चालूच असतं. लोक चढावर मागे पडत नाहीत, मिसळीपुढे मागे पडतात. प्रत्येक थांबा दहा मिनिटांचा. उतरण्याआधीच ठरवायचं : पाणी भरायचं, शिक्का घ्यायचा, खायचं, निघायचं.

भूक लागण्याआधी खा. दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात गेलं पाहिजे. राजगिऱ्याची वडी, खजूर, गूळ-शेंगदाणे, केळं, दशमी. बीआरएमच्या दिवशी नवीन काही पोटात घालू नकोस, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. चमचा चहाचाच घे आणि मीठ मोजूनच टाक. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहिलीस तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं गरगरतं. तहानेपुरतं पी.

आता पंक्चर. वाईहून परतताना एकदा माझ्या तीन ट्यूब लागोपाठ गेल्या. चौथी नव्हतीच. सायकल ढकलत एका टपरीपाशी आले. तिथल्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्याने ट्यूबकडे पाहिलंसुद्धा नाही. टायर उलटा केला, आतून एक जुनं फडकं गोल फिरवलं. एका जागी फडकं अडकलं. बाभळीच्या काट्याचं टोक होतं ते, तांदळाच्या कणीएवढं. बाहेरून दिसत नव्हतं, पण प्रत्येक नव्या ट्यूबला ते आतून टोचत होतं. "बाई, ट्यूब बदलून काय होतंय, काटा तर टायरात हाय," म्हणाला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजायला लावला. तेव्हापासून माझ्या सायकलच्या पिशवीत सुती फडक्याचा तुकडा असतो. तूही ठेव. बोट फिरवू नकोस, काटा बोटात जातो. आणि टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आण. मग ट्यूबला भोक कुठे आहे ते कळलं की टायरात काटा कुठे आहे तेही कळतं.

गुडघा दुखला की आधी सीट बघ. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलंस की पाय सरळ झाला पाहिजे. सीट बुटकी असली की गुडघ्याचा पुढचा भाग बोलतो. जड गिअर दाबत बसू नकोस, हलका गिअर भराभर फिरव. आणि अंधारात मागचा लाल दिवा एक लावलेला, एक पिशवीत.

फेब्रुवारी : पाणी

इतके महिने पाय वापरलेस, आता त्यांना बसू दे. तापोळा-बामणोलीला कोयनेच्या शिवसागरात उतर. पण कयाक हातांनी चालते असं समजून जाऊ नकोस. तुझी पणजी जात्यावर दळायची तेव्हा तिचा खांदा कमी आणि कंबर जास्त फिरायची, म्हणून दोन पायल्या दळूनही ती दिवसभर कामाला उभी असे. वल्हं तसंच मार. ज्या बाजूला वल्हं बुडेल त्या बाजूचा पाय रेट आणि धड फिरव. पकड पोळी लाटताना लाटणं धरतेस तेवढीच. घट्ट धरलंस तर तळहाताला फोड येतील. फोड आलेल्या हाताने सोमवारी खडू धरून बघितलाय मी, माझ्या शून्याचा त्रिकोण झाला होता.

सकाळी लवकर उतर, दुपारी वारा उठतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी असू दे. उलटं केलंस तर दमलेल्या हातांना वाऱ्याशी झुंजत परतावं लागतं. पर्यटकांची लाँच जवळून गेली की तिच्या लाटेला नावेचं नाक दे, कूस देऊ नकोस. काठाकाठाने जा. पाणी उतरत जातं तशी बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या जेमतेम खाली राहतात, तिकडे लक्ष ठेव. वासोट्याकडचा काठ अभयारण्यात येतो, तिथे वन खात्याची परवानगी काढल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

लाइफ जॅकेट घातल्यावर मैत्रिणीला ते खांद्याला धरून वर ओढायला सांग. कानापर्यंत आलं तर सैल आहे. नाव उलटली तर नावेला धरून राहा. पोहून काठ गाठायचा मोह होईल, काठ दिसतो तितका जवळ नसतो. आणि पोहता येतं म्हणून जॅकेट काढणाऱ्याबरोबर पुन्हा पाण्यात जाऊ नकोस.

मार्च ते मे : उंची

आपल्याकडे कातळावर दोराचा सराव कर, पण चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. कॅराबिनरचं कुलूप लावलं म्हणून सोडू नकोस, बोटाने दाबून बघ. आपली आठाची गाठ जोडीदाराने तपासायची, त्याची आपण, मग तो कितीही जुना खेळाडू असो. दोराने उतरण्याआधी दोराच्या टोकाला गाठ मारायची, दोर संपला हे पायाला कळण्याआधी गाठीला कळू दे. आणि कड्यावर आग्यामोहोळ असेल तर अत्तर नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. दिसलं तर दुसरा कडा.

कोर्सला पाठीवर ओझं लागतं, म्हणून अजिंक्यतारा चढताना सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ने. वर पोचल्यावर ते पाणी झाडांना घाल आणि रिकामी उतर. मांड्यांना चढाचं काम मिळतं, गुडघ्यांवर उताराचा भार येत नाही, झाडं आशीर्वाद देतात.

मात्र एक गोष्ट सह्याद्री शिकवू शकत नाही, ती म्हणजे विरळ हवा. आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई 1646 मीटर. मनाली गावच दोन हजाराच्या वर आहे. म्हणजे आपण ज्याला शिखर म्हणतो, तिथून वर त्यांचा भाजीबाजार भरतो. तेव्हा "मी यवतेश्वर पळत चढते" ही ऐट उत्तरकाशीच्या एसटी स्टँडवर उतरवून ठेव. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर वर पाऊल नाही. ते लपवणारे बहुधा सगळ्यात ताकदवान असतात, आणि म्हणूनच जास्त धोक्यात असतात. शंका आली तर सरळ रेषेवर बोटांपुढे टाच, बोटांपुढे टाच अशी दहा पावलं चाल. झोक गेला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं.

उत्तरकाशीची ती नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 ची. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय बाई, बचेंद्री पाल, तिथेच शिकली. 23 मे 1984 ला ती माथ्यावर उभी राहिली तेव्हा मी बी.एड. करत होते. तीही बी.एड. झालेली आहे हे वाचलं आणि आठवडाभर मी वर्गात ताठ मानेने बसले. मला तो कोर्स जमला नाही. 28 दिवसांची रजा मागण्याची हिंमत झाली नाही. अठ्ठावीस दिवसांत चार सोमवार येतात. तू ते चारही सोमवार आत्ताच मागून ठेव. मे महिन्यात मागितलेली रजा मिळत नाही, डिसेंबरात मागितलेली मिळते.

आणि वही

पुढच्या रविवारी तुझा बाप साताऱ्याला येतोय, त्याच्याबरोबर माझी निळी वही पाठवते. तिच्यात गडांची नावं शोधू नकोस, सापडणार नाहीत. दर पानावर सोमवारची तारीख आणि एक आकडा आहे. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, चहाच्या आधी मोजलेली नाडी. माझी बासष्ट असायची. सत्तरला पोचली की तो आठवडा मी नुसती चालले. 1997 च्या मार्चमध्ये सलग तीन सोमवार एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर दिसतील. मी ऐकलं नाही, चौथ्या सोमवारी तापाने फणफणले. त्या पानावर आकडा नाही, कारण त्या दिवशी तास दुसऱ्या बाईंनी घेतला.

मागची पानं कोरी आहेत, ती तुझी. दर सोमवारी सकाळी साडेसहाला माझा फोन येईल. पळालीस किती, चढलीस किती, कुणाला मागे टाकलंस, ते रविवारी तुझ्या मित्रमंडळींना सांग. मला आकडा सांगायचा.