टॉवेलाखालचा व्हॉल्व्ह

पुणे, आषाढी एकादशी

सोनू,

तुझ्या हेडफोन ॲम्प्लिफायरसाठी तू काढलेली पाच व्हॉल्व्हची यादी पोचली, फोटोही बघितले. विकणाऱ्याने ते निळ्या मखमलीवर मांडलेत, जणू सराफाच्या दुकानातले पाटल्या-तोडे. आमच्या बुधवार पेठेतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हेच व्हॉल्व्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडलेले असायचे आणि हवा तो शोधताना एकमेकांवर आपटायचे. यादीतल्या शेवटच्या ५९९८ ची किंमत मी मोठ्याने वाचली, तर मामी म्हणाली, "एवढ्यात फ्रीज येतो." येतो खरा.

तू विचारलंस, पाचातला आधी कुठला घेऊ? माझ्या मते आत्ता एकही नको. त्यांच्याऐवजी एक साधा, आजही कारखान्यातून निघणारा ईसीसी८२ घे. जेजे या स्लोव्हाक कंपनीचा चालेल. तो कशासाठी, ते पुढे येईलच. आधी यादी बघू.

तू स्वतः सोल्डर करून जुळवलेल्या त्या बॉटलहेडच्या ‘क्रॅक’ ॲम्प्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह आहेत. छोटा १२एयू७, म्हणजे युरोपातल्या नावाने ईसीसी८२. तो सिग्नलचा व्होल्टेज वाढवतो. मोठा ६०८० हेडफोनला करंट पुरवतो. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. ६०८० च्या घराण्याचा मूळपुरुष आरसीएचा ६एएस७जी, १९४० च्या दशकातला. तो गाण्यासाठी जन्मलाच नव्हता. पॉवर सप्लायचा व्होल्टेज स्थिर ठेवायला, भरपूर करंट सोसणारा हमाल हवा होता, म्हणून तो केला. नुसतं फिलामेंट तापवायला ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर खातो, म्हणजे पावणेसोळा वॅट. शेजारचा ईसीसी८२ दोन वॅटच्या आत भागवतो. म्हणून तुझा मोठा व्हॉल्व्ह हात भाजेल इतका तापतो. त्यात बिघाड काही नाही.

आता यादी. तिसऱ्या नंबरला तू ईसीसी८१ लिहिलायस, ‘आवाजात जास्त जान’ अशी शिफारस असलेला. पिना त्याच, फिलामेंटही तेच, सॉकेटमध्ये छान बसेल आणि पेटेलही. गफलत तिथेच आहे. ईसीसी८२ ची वाढवण्याची ताकद सतरा ते वीस पट, ईसीसी८१ ची साठ. म्हणजे ‘जान’ म्हणतात तो नुसता मोठा झालेला आवाज. शिवाय तुझ्या सर्किटने ॲनोडचा व्होल्टेज ज्या जागी बसवलाय तिथून तो हलेल. आणि व्हॉल्यूमचं बटण तुला कायम आठ-नऊच्या काट्यावर ठेवावं लागेल. नेमक्या त्याच टोकाला स्वस्तातल्या पॉटचे डावे-उजवे चॅनल सारखे चालत नाहीत, गाणं एका कानाकडे कलतं. तो खोड. ईसीसी८८ च्या वाटेलाही जाऊ नकोस. दिसायला सख्खा भाऊ, नऊ पिना, पण त्याचं फिलामेंट चार आणि पाच नंबरच्या पिनांमध्येच संपतं. तुझ्या सॉकेटवर त्या दोन पिना एकत्र जोडलेल्या आहेत, त्यामुळे तो पेटणारच नाही.

सोव्हिएत ६एन१३एस स्वस्त आहे आणि वाईट नाही. त्यावरचा छाप रशियन लिपीत असतो, म्हणून तुला तो ‘सहा एच तेरा सी’ वाटला. त्यांचा एन आपल्या ओळखीच्या एचसारखा दिसतो आणि एस सीसारखा. दोन वेगळे व्हॉल्व्ह समजून दोन्ही मागवू नकोस.

राहिला ५९९८, टंग-सोलचा, फ्रीजच्या किमतीचा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो लावल्यावर फरक ऐकू येतो असं सगळे म्हणतात आणि ते खोटं बोलत नाहीत. कागद-पेन्सिल घे. तुझ्या सर्किटमध्ये मोठा व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअर म्हणून चालतो, म्हणजे व्होल्टेज वाढवत नाही, उलट थोडा घटवतो. ६०८० चा गुणांक, म्हणजे वर म्हटलेली वाढवण्याची ताकद, २, म्हणून आत शिरलेल्यातलं दोन तृतीयांश बाहेर येतं. ५९९८ चा साडेपाच, त्यातून साधारण ८५ टक्के बाहेर येतं. त्यात डेटाशीटवरच्या आकड्यांनी पहिल्याचा आउटपुटचा रोध नव्वद ओहमच्या वर निघतो, दुसऱ्याचा पन्नासच्या थोडा पुढे. सगळं मिळून तुझ्या ३०० ओहमच्या एचडी ६०० हेडफोनवर ५९९८ दोन-तीन डेसिबल मोठा वाजतो, बटणाला हात न लावता. आणि माणसाच्या कानाची खोड अशी, की थोडं मोठं वाजलं की त्याला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. खुलं, भरदार, जिवंत, असले सगळे शब्द त्यातून निघतात.

बेस आवळला जातो म्हणतात, त्यातही तथ्य आहे. एचडी ६०० हा ३०० ओहमचा म्हणायचा, पण शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा रोध पाचशेच्या वर जातो. व्हॉल्व्हचा रोध आणि हेडफोनचा रोध व्होल्टेज आपसांत वाटून घेतात. व्हॉल्व्हचा शंभर धरला, तर मधल्या सुरांना पाऊण वाटा मिळतो आणि खर्जाला पाच षष्ठांश. म्हणजे खर्ज जवळपास एक डेसिबलने फुगतो. व्हॉल्व्हचा रोध पन्नासवर आणला की तो फुगवटा अर्ध्या डेसिबलवर येतो. तेव्हा तथ्य आहे, पण अर्ध्या डेसिबलचं आहे. फ्रीजएवढं आहे का, ते तू ठरव. (तुझ्या धाकट्या भावाचा मोबाईलचा ३२ ओहमचा हेडफोन या ॲम्प्लिफायरला लावू नकोस. त्याला एक चतुर्थांशही व्होल्टेज मिळणार नाही, आणि तो म्हणेल ताईने कचरा बनवला.)

आता पहिल्या दोन नंबरांचे, टेलिफंकन आणि मुलार्ड. दोन्ही ईसीसी८२ च आहेत, त्यामुळे इथे वरचा हिशेब लागू नाही. या दोघांत ‘जर्मन स्वच्छपणा’ आणि ‘इंग्लिश ऊब’ ऐकू येते म्हणतात. मलाही यायची. माझ्याकडे पूर्वी हातबनावटीचा प्रीॲम्प होता. त्यात एक जुना टेलिफंकन मिळाला तो लावला, आणि आठवडाभर मी घरात येईल त्याला किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकवत होतो, ‘बघा तानपुऱ्याची जवारी कशी सुटी झाली’ म्हणून. आठव्या दिवशी मामी म्हणाली, "मी बदलते, तुम्ही ओळखा." प्रीॲम्पवर टॉवेल टाकला, मला तोंड फिरवून बसवलं. तिने दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर टेलिफंकन, काटा आला तर रोजचा साधा. दहा वेळा केलं. माझे सहा बरोबर आले. न ऐकता ठोकून दिले असते तरी पाच आले असते. त्या दहांतले तीन निकाल मी छातीवर हात मारून दिले होते, आणि चुकलेल्या चारांत ते तिन्ही होते.

यातून सगळे व्हॉल्व्ह सारखेच असा अर्थ काढू नकोस. त्याच टॉवेलाखाली मामीने नंतर डब्यातला तिसरा एक लावला, तो मी प्रत्येक वेळी ओळखला. टेबलाला हात लागला तरी त्यातून ‘टिंग’ यायचं. आतली ग्रिड सैल झाली की व्हॉल्व्ह मायक्रोफोनसारखा वागतो. पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारून बघायची. थोडा नाद सगळेच देतात, पण जो घंटेसारखा रेंगाळतो तो ठेवू नये. खरखर, हम, एका बाजूचा आवाज कमी, दमलेली एमिशन हे दोष खरे असतात आणि ते ऐकायला सराफाचे कान लागत नाहीत.

तर तो साधा जोडीदार यासाठी घ्यायला सांगितला. आत्ता आहे तो आणि नवा, अशा दोन साध्यांत तुझा कान काय सांगतो ते आधी बघ. दोन साध्यांत जर तुला ‘ऊब’ आणि ‘स्वच्छपणा’ ऐकू आला, तर तो कुठून येतो ते कळेल. आवाज मात्र सारखा करून घे. हेडफोनच्या प्लगला समांतर मल्टिमीटर लाव, एसी व्होल्टवर. मोबाईलवरून ३०० हर्ट्झचा सरळ सूर वाजव. साधे मीटर हजार हर्ट्झला खोटं बोलतात, म्हणून ३००. मीटरवर अर्धा व्होल्ट येईपर्यंत बटण फिरव. व्हॉल्व्ह बदल, दहा-पंधरा मिनिटं तापू दे, पुन्हा बटणाने अर्धा व्होल्ट आण. एक टक्क्याच्या आत हवा, म्हणजे ०.५०० ला फार तर ०.५०५. एवढी कटकट केल्याशिवाय काढलेला कुठलाही निकाल मला पत्रातून कळवू नकोस.

तरीही एक अडचण उरते. मिरजेला एकदा तानपुऱ्याची जवारी लावताना बघत बसलो होतो. कारागीर घोडीवरून कानस फिरवायचा, तार छेडायचा, पुन्हा कानस. दोन आवाजांमध्ये काही सेकंदांचं अंतर, म्हणून त्याला केसाएवढा फरक पकडता येत होता. तुझ्या दोन व्हॉल्व्हमध्ये पंधरा मिनिटं जाणार. तेवढ्यात कान आधीचं विसरतो आणि उरलेली जागा किंमत भरून काढते. म्हणून लांबलचक मैफल लावू नकोस. पाठ असलेला एकच तुकडा घे, अर्ध्या मिनिटाचा, तानपुरा आणि गळा एवढंच असलेला. आणि काय ऐकलं ते व्हॉल्व्हचं नाव कळण्याआधी वहीत लिही.

नवीन काही घेण्याआधी पिना पूस. चौऱ्याहत्तर साली मी शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा पावसाळ्यात ‘व्हॉल्व्ह गेला’ म्हणून आलेल्या रेडिओंतला निम्मा आजार पिनांवरच्या काळपटपणाचा असायचा. कापडावर थोडं आयसोप्रोपिल घेऊन पुसायचं, दोन-तीनदा सॉकेटमध्ये आत-बाहेर करायचं. ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० ही घराघरातल्या रेडिओची पंचकडी. गिऱ्हाईक कधी विचारायचं नाही की ईएल८४ मुलार्डचा टाकलात की आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे बीईएलचा. रात्रीच्या आत विविध भारती लागेल का, एवढंच विचारायचं. तू राहतेस तिथून त्यांच्या कारखान्याचं जालहळ्ळी फार लांब नाही. कधी त्या बाजूच्या भंगारवाल्यांकडे डोकाव, बीईएलचा छाप असलेला एखादा मिळाला तर माझ्यासाठी घे. ऐकायला नाही, डब्यात ठेवायला.

जुनं घ्यायचंच झालं तर छापाकडे बघू नकोस, तो बोटाने पुसला जातो आणि दुसरा मारता येतो. टेलिफंकनच्या बुडाच्या काचेत, पिनांच्या मधोमध, चौकटचा आकार साच्यातच उठवलेला असतो. मुलार्डच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या मालावर काचेच्या तळाशी करड्या रंगात बारीक कोड असतो, दुसऱ्या ओळीत बी पासून सुरू होणारा. फोटोत तळ दाखवत नसेल तर पैसे पाठवू नकोस. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडलेला दिसला तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह संपला. ‘टेस्टरवर ९८ टक्के’ या वाक्याला कुठला टेस्टर ते कळेपर्यंत अर्थ नाही.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. व्हॉल्व्ह बदलताना बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर, हेडफोन काढलेला. व्हॉल्व्ह थंड होऊ दे. ६०८० बेकेलाइटच्या बुडाला धरून ओढ, काचेला नाही. चालू केल्यावर मिनिटभराने हेडफोन लाव, तापताना आउटपुटचे कंडेन्सर धक्का देतात. खालचं झाकण उघडून मोजमाप करू नकोस. आत दीडशेच्या वर व्होल्ट आहेत आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. ताईला मी ‘लेकीचा छंद अगदी निर्धोक आहे’ असं सांगून बसलोय.

जेजे आला की कळव. नाणं उडवायला तुझी रूममेट तयार होईल ना? मामी विचारतेय, टॉवेल इथून पाठवू का?

तुझा
मामा