अरण्यातील मृदा आणि मुळांचे सोबती

अरण्याला कोणी खत घालीत नाही, तरी तेथील वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात. शेतातील जमीन मात्र चार पिके घेतली की खत मागू लागते. हा भेद का, असा प्रश्न चौथीच्या मुलालाही पडतो. त्याचे उत्तर वर्गात बहुधा ‘पालापाचोळा कुजतो’ एवढ्यावरच संपविले जाते. ते उत्तर खरे आहे, पण अर्धेच.

पाचोळा कुजून नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये मातीत परत येतात. परंतु मातीत द्रव्य असणे आणि ते झाडाला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी होत. स्फुरदाचेच पाहावे. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियम विपुल असतात आणि ते स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. तो पाण्याबरोबर फारसा सरकत नाही. मुळाच्या अगदी लगतचा साठा संपला की पलीकडे स्फुरद असूनही मूळ उपाशी राहते. अशा वेळी कवक, म्हणजे बुरशीच्या वर्गातील जीव, त्याच्या साहाय्यास येतात. त्यांचे तंतू केसाहून कितीतरी बारीक असतात. मुळाला शिरकाव नाही अशा फटींतून ते पसरतात, स्फुरद शोषून मुळापर्यंत आणतात आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली शर्करा घेतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये या जोडीला ‘मायकोऱ्हायझा’ हे नाव दिले. मराठीत त्यास कवकमूल म्हणावे.

कवकमुळाचे मुख्य प्रकार दोन. देवदार-चीड यांच्या कुळातील चीड, तसेच ओक व साल यांच्या कोवळ्या मुळांवर कवकाचे आवरण चढते. ते डोळ्यांना दिसू शकते. साग, आंबा, ज्वारी यांच्यात कवक मुळाच्या पेशींत शिरते, ते सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही. मोहरी व कोबी यांच्या कुळाला मात्र सहसा असा सोबती नसतो.

या सोबतीचे मोल पोर्तो रिको बेटावर कळून आले. तेथे चीड मूळची नव्हे. १९३० नंतर तिच्या लागवडीचे प्रयत्न वारंवार फसले. रोपे उगवत, पिवळी पडत आणि खुरटत. १९५५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चिडीच्या वनातील माती काही रोपांच्या मुळांशी घालण्यात आली. तेवढीच रोपे जोमाने वाढली. उणीव खताची नव्हती, कवकाची होती.

पावसाळ्यात झाडाखालचा पाचोळा हलकेच उचलल्यास खालच्या थरात पांढरे तंतू आढळतात. ते मुलांना अवश्य दाखवावेत. मात्र त्यांना कवकमूल म्हणू नये. त्यांतील बहुतेक तंतू पाचोळा कुजविणाऱ्या निराळ्या कवकांचे असतात. (पुस्तकी चित्र पाहून तशी समजूत सहज होते.)

शाळेच्या आवारात वरची माती खरवडून गेलेली असेल, तर तेथे मुळांच्या या सोबत्यांची संख्याही घटलेली असते. अशा खड्ड्यात रोप लावताना त्याच जातीच्या वाढलेल्या, निरोगी झाडाखालची ओंजळभर ओलसर माती मुळांशी घालावी. ती उन्हात वाळवू नये व भाजू नये. काही रोपे अशा मातीविना लावून दोन्हींची उंची दर महिन्यास मुलांकडून वहीत नोंदवून घ्यावी.