छेद आणि त्याज्य मुळे

चि. बाळास,


रीत बरहुकूम पाळूनही मास्तरांनी तुझे एक उत्तर नामंजूर का केले, असे तू विचारतोस. या प्रश्नाने मला फार संतोष झाला, कारण पुष्कळ विद्यार्थी अशा वेळी उत्तर निमूटपणे खोडून पुढे जातात.

तुझेच उदाहरण घेऊ: क्ष/(क्ष−२) + १/(क्ष−४) = २/(क्ष²−६क्ष+८). उजवीकडील छेदाचे अवयव (क्ष−२)(क्ष−४) हेच असल्यामुळे लसाविही तोच. (तिन्ही छेदांचा सरसकट गुणाकार करीत जाऊ नकोस, त्याने समीकरणाचा घात आणि खोटी मुळे, दोन्ही वाढतात.) त्या लसाविने दोन्ही बाजूंस गुणिले म्हणजे क्ष²−३क्ष−४=० हे वर्गसमीकरण उरते आणि त्याची मुळे ४ व −१ येतात. −१ ठेवून पाहिलेस तर दोन्ही बाजू २/१५ होतात. ४ ठेवताच मात्र दोन छेद शून्य होतात आणि मूळ समीकरणास अर्थच उरत नाही.

दोष तुझ्या आकडेमोडीत नाही. समान राशींस एकाच राशीने गुणिले असता समता अबाधित राहते हे खरे. परंतु त्या नव्या समतेवरून जुनीकडे परतावयाचे तर गुणक शून्य असता कामा नये, कारण शून्याने गुणिल्यावर ३ आणि ७ यांतही भेद राहत नाही. म्हणून लेखणी चालविण्यापूर्वीच ‘क्ष≠२, क्ष≠४’ अशी नोंद समासात कर आणि ताळा नेहमी मूळ समीकरणातच पाहा, छेद गेलेल्यात नव्हे.

त्याज्य मुळांचा आणखी एक प्रकार आहे. त्याची याच्याशी गल्लत करू नकोस. इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘बीजगणित’ या भागात भास्कराचार्य असे सांगतात, की वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत शिरली आणि एक मात्र दिसत राहिले. मुळे ५० आणि ५ येतात, व आचार्य ५ सोडून देतात, कारण ५ चा पंचमांश तिनाहून कमी. तेथे ५ समीकरणात चोख बसतात, केवळ कथेत बसत नाहीत. तुझे ४ समीकरणातच बसत नाहीत.

आता क्ष/(क्ष−५) = ५/(क्ष−५) + २ हे सोडव, आणि ‘उकल नाही’ असे लिहिण्याची पाळी आली तर ते कारणासह निःसंकोच लिहून उलट टपाली मजकडे पाठव.

तुझा,
काका