हिरवं रान, पण चरवी अर्धी
(शंका-समाधान)

पाऊस पडून माळ हिरवे झाले की गाईंच्या चाऱ्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी कंधार, देवणी, औसा आणि मुखेड तालुक्यांतून आलेल्या पत्रांना उत्तरे देत आहे.

डॉक्टरसाहेब, आमची लाल कंधारी दुसऱ्या वेताची आहे. उन्हाळ्यात कडब्यावर चार लिटर द्यायची. आता माळ हिरवागार आहे, गाय दिवेलागणीला पोट टम्म करून येते, पण दूध तीन लिटरवर आलंय. शेणही पातळ पडतंय. शेजारी म्हणतात दृष्ट लागली. गाय आटून तर जाणार नाही ना? – पशुपालक, ता. कंधार

दूध हळूहळू उतरले असेल तर घाबरू नका. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते थोडे कमी होणे स्वाभाविकच असते. बाकीचे कारण बहुधा गवतात आहे. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतात शंभर किलोंमागे ऐंशी किलोंहून अधिक पाणी असते. गाईला रोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क घटक (चाऱ्यातले पाणी वगळून उरणारा भाग) लागतात. तुमची गाय सव्वातीनशे किलोंची धरली तर ते झाले आठ ते पावणेदहा किलो. एवढे नुसत्या कोवळ्या गवतातून मिळवायचे तर तिला दिवसाला पंचेचाळीस-पन्नास किलो गवत ओरबाडावे लागेल. माळावरच्या वीतभर गवतात ते होत नाही, आणि फिरण्यात शक्ती जाते ती वेगळीच. पोट टम्म दिसते, पण त्यात पाणी जास्त असते. पातळ शेणाचेही बहुधा हेच कारण.

सकाळी सोडण्यापूर्वी दोन-तीन किलो कडब्याची कुट्टी द्या, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. आंबोण बंद केले असेल तर पुन्हा सुरू करा: शरीरासाठी एक ते दीड किलो आणि दुधाच्या प्रत्येक लिटरमागे 400 ग्रॅम. चार लिटरच्या गाईला रोज सुमारे तीन किलो, दोन वेळा विभागून. घरी करायचे तर शंभर किलोंत मक्याचा भरडा 40, सरकी किंवा शेंगदाणा पेंड 30, गव्हाचा कोंडा किंवा तूरचुनी 27, क्षार मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. वाढवताना आठ-दहा दिवस घ्या. एकदम वाढवलेल्या खुराकाने पोट बिघडते. दूध मात्र एका दिवसात निम्म्यावर आले, कास गरम किंवा कडक लागली, दुधात गाठी दिसल्या, तर तो कासदाह (कासेची सूज) असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

काल आमची देवणी कालवड शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. ओढून आणली, आज ठीक आहे. पण गेल्या साली गावात एक गाय ज्वारी खाऊन अर्ध्या तासात गेली, ते डोळ्यांपुढून जात नाही. आता ज्वारीचा कडबाही द्यायला हात धजत नाही. – ता. देवणी

कालवडीविषयी निश्चिंत राहा. कोवळ्या ज्वारीतले विष काही मिनिटांत, फार तर काही तासांत लक्षणे दाखवते. रात्र सरून ती ठीक आहे, म्हणजे धोका टळला.

कोवळ्या ज्वारीत ध्युरीन नावाचा घटक असतो. गाईच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल (रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू न देणारे विष) तयार होते. गुडघाभर ज्वारी, पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी आणि कापणीनंतर धसकटांना फुटलेले कोंब यांत ते सर्वाधिक असते. धसकटांचे कोंब मला सर्वांत जास्त भीती घालतात, कारण पीक काढून झाले म्हणून आपण निर्धास्तपणे जनावरे त्या रानात सोडतो. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर विष बरेच उतरते आणि नीट वाळलेल्या कडब्यात धोका राहत नाही. तेव्हा कडबा खुशाल द्या. मराठवाड्यात सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यापासून तो आधीच दुर्मीळ झाला आहे.

कोवळी ज्वारी खाल्ल्यावर गाय धापा टाकू लागली, तोंडाला फेस आला, थरथरून पडली, तर क्षणही घालवू नका. 1962 या पशुसेवा क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात माणूस पाठवा. शिरेतून देण्याचे उतारा औषध पशुवैद्यकाकडे असते. धापा टाकणाऱ्या गाईला तेल, ताक काहीही पाजू नका, ते फुफ्फुसात उतरते.

गव्हाचे काड आणि सोयाबीनची गुळी आहे. युरिया लावा म्हणतात. युरिया तर विष! गाय मेली तर कोण भरून देणार? शिवाय काढणीच्या पावसात निम्मी गुळी काळी पडली आहे. – ता. औसा

तुमची शंका रास्त आहे. युरिया पाण्यात कालवून किंवा आंबोणात मूठभर टाकून दिला तर गाय दगावते. प्रक्रिया वेगळी असते. शंभर किलो काडावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, थर दाबून प्लास्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचे. देण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्यायचा. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये. गव्हाच्या काडाला हा उपचार मानवतो, सोयाबीनच्या गुळीला फारसा उपयोग होत नाही. पहिल्यांदा करताना पशुधन पर्यवेक्षकाला समोर उभे करा. काळी, बुरशीचा वास येणारी गुळी मात्र खतात टाका. तिला कोणतीही प्रक्रिया सुधारत नाही, आणि बुरशीचे विष दुधातही उतरते.

आमची गाय चरताना हाडं चघळते, घरी भिंत चाटते. काल तोंडात हाड अडकलं म्हणून मी हात घालून काढलं. आता लाळ गळतेय. काय करू? – ता. मुखेड

हाडे चघळणे बहुधा स्फुरदाच्या कमतरतेने होते. वाळल्या गवतावर राहणाऱ्या गाईंत ते नेहमी दिसते. रोज 50 ग्रॅम क्षार मिश्रण आणि सल्ल्याने जंतनाशक दिल्यावर ही सवय सहसा सुटते. तोवर तिला हाडे पडलेल्या रानात सोडू नका, सडक्या हाडांतल्या विषाने गाय लुळी पडू शकते.

पण लाळ गळते आहे, म्हणून पुढचे वाचताच उठा. हाडाने तोंडात जखम झाली असेल, एवढेच असण्याची शक्यता मोठी. तरीही गिळता न येणे आणि लाळ गळणे हे रेबीजचेही (पिसाळण्याचा रोग) लक्षण असते, आणि ते घरी ओळखता येत नाही. गाईला वेगळी बांधा, तोंडात पुन्हा हात घालू नका, आजच पशुवैद्यकाला बोलवा. तुमचे हात साबणाने पंधरा मिनिटे धुऊन सरकारी दवाखान्यात जा आणि घडले ते सगळे सांगा. लस तिथे मोफत मिळते.