सामन्याचा शनिवार, भेटीचा शनिवार

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींना भेटायला जाणारे मराठी आईवडील बहुतेक वेळा ऑगस्ट ते नोव्हेंबर या महिन्यांत जातात. हवा बरी असते, मुलांचे सत्र सुरू होऊन ती थोडी स्थिरावलेली असतात, आणि गणपती किंवा दिवाळी यांपैकी एक तरी सण लेकरांबरोबर करता येईल अशी आस असते. कॉलेज फुटबॉलचा हंगामही नेमका हाच. मग कोणीतरी सुचवते की एवढे लांब जाताच आहात तर एखादा गेम डे बघून या. सूचना चांगली असते, पण तिच्यापायी एकाच शनिवार-रविवारात तीन कामे कोंबली जातात: मुलाची भेट, विद्यापीठ पाहणे आणि सामना. असे बेत मी जवळून पाहत आलो आहे आणि त्यावरून माझे मत पक्के झाले आहे. छोट्या विद्यापीठ-गावात ही तीन कामे एका शनिवारात बसत नाहीत. जायचे ते सामन्यासाठी की मुलासाठी, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी ठरवावे लागते, कारण पुढचे सगळे त्या एका तारखेवर अवलंबून असते.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातले स्टेट कॉलेज घ्या. पेन स्टेट विद्यापीठाचे हे गाव आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना चांगले परिचित आहे. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४०,५०१ भरली. तिथल्या बीव्हर स्टेडियमची क्षमता अनेक वर्षे १,०६,५७२ अशी नोंदली गेली आहे, आणि २ नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला १,११,०३० प्रेक्षक होते. आजूबाजूच्या वस्त्या धरल्या तर लोकसंख्या वाढते हे खरे. पण तिकीट नसताना नुसते मैदानाबाहेर गाड्या लावून खाण्यापिण्यात दिवस घालवणारेही पुष्कळ असतात, तेव्हा हिशोब पुन्हा तिथेच येतो. हे एकट्या स्टेट कॉलेजचे नाही. साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसनची लोकसंख्या १७,६८१ आणि स्टेडियम ८१,५०० जणांचे. अलाबामातल्या टस्कलूसात ९९,६०० माणसे राहतात आणि स्टेडियममध्ये १,००,०७७ बसतात. यात्रेच्या दिवशी पंढरपूर जसे असते तसेच हे. आषाढीला तिथे जाणारा वारीला जातो, गाव बघायला नाही, आणि म्हणून त्याला गर्दीचा त्रास वाटत नाही. त्याच दिवशी निवांत दर्शन, नदीकाठची सैर आणि नातेवाइकांकडे जेवण असा बेत कोणी केला तर त्यातले काहीच धड होणार नाही.

हा नियम सगळीकडे सारखा लागू नाही. ओहायो स्टेटचे मैदानही लाखावर माणसांचे आहे, पण कोलंबस हे नऊ लाखांचे शहर आहे, आणि तिथे दहा मैलांवर दुसरे हॉटेल सापडते. लॉस एंजेलिस किंवा सिअ‍ॅटलमध्ये सामना शहराच्या एका कोपऱ्यात होऊन जातो. अडचण आहे ती शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी काढलेल्या कॉलेजांभोवती वाढलेल्या गावांची. पेन स्टेटची सुरुवात १८५५ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची शाळा म्हणून झाली, गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती १८९६ साली. म्हणजे आधी कॉलेज, मग गाव. तिथली हॉटेले, रस्ते, खाणावळी हे सगळे एरवीच्या आठवड्याच्या मापाने बांधलेले आहे, आणि हंगामात सहा-सात शनिवारी येणाऱ्या गर्दीसाठी कोणी नवी हॉटेले बांधणार नाही.

खोल्यांचे भाव का चढतात हे यातून समजते. लोक याला लूट म्हणतात. मला ते पटत नाही. वर्षातल्या त्या मोजक्या रात्रींवर हॉटेलवाल्याचे सुने हिवाळी महिने निघतात. शनिवारची एकच रात्र विकली तर शुक्रवारची खोली रिकामी राहते, म्हणून किमान दोन रात्रींची अट घातली जाते. सगळ्या खोल्या भरणार याची खात्री असल्यामुळे पैसे आगाऊ मागितले जातात आणि रद्द केल्यास परत मिळत नाहीत. नेहमीचे लोक वर्षभर आधी खोली धरून ठेवतात, काही तर एक हंगाम संपताच पुढच्या हंगामाची. भारतातून येणारे कुटुंब साधारण दोन-तीन महिने आधी शोधायला लागते, तोवर उरलेल्या असतात त्या सर्वांत महाग किंवा सर्वांत लांबच्या खोल्या. बुकिंग करताना हॉटेलचे नाव आणि भाडे तर सगळेच बघतात, पण पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतील ही ओळ त्याहून महत्त्वाची. व्हिसाची मुलाखत किंवा घरातले आजारपण यांमुळे तारखा हलू शकतात अशा कुटुंबाने पैसे परत मिळण्याची सोय नसलेली खोली घेऊच नये, मग ती कितीही स्वस्त दिसो.

पैशांपेक्षाही जास्त घोटाळा वेळेचा होतो. सामन्याची तारीख खूप आधी ठरते, पण सुरू होण्याची वेळ दूरचित्रवाणी कंपन्यांच्या हाती असते. पेन स्टेट ज्या बिग टेन गटात खेळते, त्याचे मोठे सामने २०२३पासून प्रामुख्याने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी दाखवतात, आणि त्यांच्या ठरलेल्या वेळा साधारणपणे दुपारी १२, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात. काही सामन्यांची वेळ उन्हाळ्यातच कळते. बाकीच्यांची बऱ्याचदा १२ दिवस आधी, कधी कधी तर फक्त ६ दिवस आधी जाहीर होते. घड्याळात खेळ ६० मिनिटांचा असला तरी थांबे धरून साडेतीन तास जातात. जवळपास वीज चमकली तर सगळ्यांना आडोशाला नेतात आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटे वाट पाहतात, ते वेगळेच. दुपारी बाराचा सामना असेल तर संध्याकाळ मोकळी मिळते. साडेसातचा असेल तर अख्खा दिवस वाट पाहण्यात जातो, सामना अकराच्या सुमारास संपतो आणि गाडी वाहनतळातून बाहेर पडेपर्यंत मध्यरात्र होते. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडे चार तास गाडी चालवत त्याच रात्री परत जायचा बेत ज्यांनी वेळ कळण्याआधी केलेला असतो, त्यांना पहाटेपर्यंत डोंगराळ रस्त्यावर, थकलेल्या चालकाबरोबर प्रवास करावा लागतो. ही गैरसोय नाही, धोका आहे. रविवारी दुपारचे विमान पकडण्याचा बेतही याच कारणाने कच्चा. स्टेट कॉलेजच्या छोट्या विमानतळावरून उड्डाणे मोजकीच आणि गावात रेल्वे येत नाही, त्यामुळे एक दुवा तुटला की दुसरा चटकन मिळत नाही.

यावर पहिले म्हणणे असते की मग गावाबाहेर राहू, अल्टूना चाळीसेक मैलांवर आहे, तिथे स्वस्त पडेल. एरवीच्या दिवशी हे बरोबर आहे. सामन्याच्या दिवशी मात्र सगळ्यांनी हाच विचार केलेला असतो, आणि चाळीस मैलांचा तो रस्ता सकाळी आत येणाऱ्या व रात्री बाहेर पडणाऱ्या गाड्यांनी भरतो. पोलीस काही रस्ते एकमार्गी करतात, त्यामुळे फोनवरचा नकाशा सांगतो तो रस्ता उघडा असेलच असे नाही. उबर किंवा लिफ्टवर भरवसा ठेवणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते. गाड्या तेवढ्याच, बोलावणारे एकाच क्षणी हजारो. भाडे वाचते, पण ते वाचलेले पैसे रस्त्यावरच्या तासांनी फेडावे लागतात, आणि ते तास मुलाच्या भेटीतूनच कापले जातात.

दुसरे म्हणणे असे की दुबळ्या संघाविरुद्धचा सामना निवडला की गर्दीच नसेल. आकडे तसे म्हणत नाहीत. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरमधल्या मैदानात नोव्हेंबर १९७५पासून, कोविडचे २०२० साल सोडले, तर प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर प्रेक्षक आले आहेत, समोरचा संघ कोणताही असो. नेब्रास्काच्या मैदानाची तिकिटे १९६२पासून अखंड संपत आली आहेत. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याच्या वेळी हातातले तिकीट विकणारे जास्त असतात, त्यामुळे तिकीट स्वस्त मिळते हे मात्र खरे. फक्त सामना बघायचा असेल तर सप्टेंबरचा असा शनिवार मी आवर्जून सुचवीन. खोलीचे भाडे मात्र त्या प्रमाणात उतरत नाही.

तिसरे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. अनेक विद्यापीठे पालकांसाठीचा खास वीकेंड स्वतःच सामन्याच्या शनिवारी ठेवतात. विद्यापीठच बोलावते आहे तर जाऊ नये का? चार-पाच तास गाडीने येणाऱ्या अमेरिकन पालकांसाठी ती सोय उत्तम आहे. ते त्याच हंगामात पुन्हा येऊ शकतात आणि ही त्यांची अनेक भेटींपैकी एक असते. वीस-बावीस तासांचा प्रवास करून आलेल्या, कदाचित शिक्षणाच्या दोन वर्षांत एकदाच येणाऱ्या आईवडिलांचे गणित वेगळे आहे. शिवाय आपली बहुसंख्य मुले पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि पालकांचे ते कार्यक्रम मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आखलेले असतात. मुलाचा विचारही करायला हवा. जी मुले कॅम्पसवरच्या खानावळीत, दुकानात किंवा बससेवेत काम करतात त्यांच्यासाठी हा सर्वांत धावपळीचा दिवस, रजा मिळणे अवघड. प्रयोगशाळा आणि विभागांची कार्यालये शनिवारी बहुधा बंद. जिथे मुलगी दिवसातले दहा तास घालवते ती जागा, तिचे टेबल, तिचे प्राध्यापक, यांतले काहीच त्या दिवशी बघायला मिळत नाही. आईवडिलांना खरे तर तेच बघायचे असते.

गेम डे पाहिल्याशिवाय गावाचा प्राण कळत नाही, असेही म्हणतात, आणि ते मला मान्य आहे. एक लाख माणसे पांढरे कपडे घालून एका सुरात ओरडतात तो पेन स्टेटचा व्हाइट आउट, किंवा मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डमध्ये ग्रोव्ह नावाच्या झाडीत तंबू ठोकून चालणारे जेवण, ही अमेरिकेची खरी लोकसंस्कृती आहे. ती बघायला जरूर जावे, पण तिच्यासाठी म्हणून जावे. मग शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचायचे, रविवार मोकळा ठेवायचा, सोमवारी निघायचे. गाडी लावण्याचा परवाना तिकिटाबरोबरच आधी विकत घ्यायचा. मुलाच्या सवलतीच्या तिकिटावर आईवडिलांना आत जाता येईल असे धरून चालू नये. ते तिकीट विद्यार्थी म्हणून त्याच्या नावाशी जोडलेले असते, आणि जिथे पाहुण्यासाठी बदलून मिळते तिथेही वरचे पैसे भरून आधी करून घ्यावे लागते. तिकिटे फोनवर असतात, आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क अडते, तेव्हा ती आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवावीत. बहुतेक मैदानांत नेहमीची पर्स चालत नाही, फार तर १२ बाय १२ इंचांची, ६ इंच रुंदीची पारदर्शक पिशवी चालते. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येईल याचीही खात्री नसते. मधुमेह असलेल्यांनी औषध आणि सोबतच्या खाण्याबद्दल त्या मैदानाचे नियम आधी वाचावेत. औषधे तपासून आत सोडतात, घरचे डबे सहसा नाही. आसने बऱ्याच ठिकाणी पाठ नसलेले धातूचे बाक असतात, आणि विद्यार्थ्यांच्या बाजूला तर सगळा वेळ उभेच राहतात. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर नेऊ नये. त्यांना मैदानाबाहेरचे टेलगेटिंग, म्हणजे गाड्यांपाशी चालणारे खाणेपिणे, दाखवून घरी टीव्हीसमोर बसवले तर ते जास्त सुखी राहतात. नोव्हेंबरच्या रात्री पुण्या-मुंबईचे स्वेटर पुरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

मुलासाठी जायचे असेल तर काम सोपे आहे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे वेळापत्रक सगळ्यांना खुले असते. हंगामात सामने १२, त्यांतले साधारण निम्मे बाहेरगावी, आणि एखाददुसरा आठवडा मोकळा. म्हणजे निम्मे शनिवार आपलेच. फक्त ऑगस्टमधला मुलांचा प्रवेशाचा आठवडा आणि मे महिन्यातला पदवीदान समारंभ टाळावा, कारण तेव्हाही खोल्यांची तीच गत होते. बाहेरगावच्या सामन्याच्या शनिवारी स्टेट कॉलेजमध्ये बर्की क्रीमरीत आइस्क्रीमसाठी थोडीशीच रांग असते, पामर संग्रहालय निवांत बघता येते, माउंट निटनीवर सकाळी चढून दुपारी जेवायला परत येता येते, आणि संध्याकाळी गावातल्या कुठल्याही उपाहारगृहात टीव्हीवर सामना चालू असतो. फुटबॉलचे वेड दिसायला तेवढेही पुरते. शक्य असेल तर शुक्रवार किंवा सोमवार जोडून घ्यावा, म्हणजे प्रयोगशाळा उघडी सापडते.

विमानाची तिकिटे काढून झाली आणि नंतर कळले की तो शनिवार सामन्याचा आहे, तर बेत पूर्ण बदलायची गरज नाही. शुक्रवार-शनिवारचा मुक्काम हॅरिसबर्गला किंवा फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहरात करावा आणि मुलाला किंवा मुलीला जमत असेल तर शुक्रवारी दुपारी, गर्दी सुरू होण्याआधी, बसने तिकडे बोलावून घ्यावे. रविवारी दुपारनंतर गावाकडे निघावे. तोवर बाहेर जाणारी गर्दी बहुतेक ओसरलेली असते आणि तुमची दिशा तिच्या उलट असते. रविवार ते बुधवार खोल्या मुबलक आणि भाडे माफक. मुलाचे वर्ग असतील, पण संध्याकाळी तो मोकळा असतो, आणि दिवसा कॅटा या स्थानिक बससेवेने कॅम्पस फिरता येतो.